लॅपटॉपचे ‘वाढवलेले हर्ट्झ’ : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे

जुना लॅपटॉप विकत घेताना पूर्वी गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारीत असे. रॅम किती आणि हार्ड डिस्क किती? आता कॉलेजात जाणारा मुलगा सोबत असेल तर तिसरा प्रश्न तोच विचारतो, ‘‘पडदा किती हर्ट्झचा?’’ या तिसऱ्या प्रश्नामुळे दुरुस्तीच्या धंद्यात एक नवे काम निघाले आहे. कंपनीने साठ हर्ट्झचा म्हणून बनवलेला पडदा सॉफ्टवेअरच्या जोरावर सत्तर, पंचाहत्तर, क्वचित नव्वदवर पळवायचा. या कामाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घरच्या मशीनवर कोणी हौसेने केले तर त्यात बोलण्यासारखे काही नाही. पण तोच लॅपटॉप ‘पंचाहत्तर हर्ट्झचा’ म्हणून दुकानाच्या काउंटरवर येतो तेव्हा मामला व्यापाराचा होतो. आपल्या समाजातील पुष्कळ होतकरू मुले मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीत आहेत आणि आपले छोटे व्यापारी जुन्या लॅपटॉपवरच टॅली आणि जीएसटीची बिले चालवतात. म्हणून दोन्ही बाजूंनी हा विषय समजून घेणे जरुरीचे आहे.

आधी हर्ट्झ म्हणजे काय ते पाहू. आमच्या उर्दू शाळेत ज्याला ‘तअद्दुद’ म्हणून घोकून घेतले, मराठी शाळेत त्यालाच वारंवारता म्हणत. एका सेकंदात एखादी गोष्ट किती वेळा घडते त्याचे माप म्हणजे हर्ट्झ. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची आहे. लॅपटॉपचा साधा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे त्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने लिहिले जाते. एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ७५ हर्ट्झवर १३.३ आणि १४४ हर्ट्झवर जेमतेम ७ मिलिसेकंद. चित्र जितक्या वेळा बदलेल तितकी हलणारी वस्तू सुळसुळीत दिसते. माऊसचा बाण अडखळत नाही, पान वर-खाली सरकवताना अक्षरे कमी फाटतात आणि खेळात गोळी कुठून आली ते थोडे लवकर कळते. सगळा फायदा एवढाच. टॅलीतली एन्ट्री काही लवकर होत नाही, इंटरनेट वेगवान होत नाही आणि छापील बिलात फरक पडत नाही. पडद्याचा वेग म्हणजे यंत्राचा वेग, अशी समजूत गिऱ्हाइकांत पसरली आहे आणि काही दुकानदार ती पसरू देतात, हे बरे नव्हे.

चित्राचा वेग ओढून वाढवण्याची हौस आजची नाही. आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा-अठरा चित्रे घेतली जात. थिएटरात मशीन चालवणाऱ्याच्या हातीही तसाच दांडा असे आणि खेळ लवकर आटपायचा असला की तो जरा जोराने फिरवी. मग पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळू लागत. बोलपट आले आणि वेग २४ चित्रांवर पक्का झाला, कारण वेग बदलला की आवाज चिरका होतो. भारतात पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला.

आता मशीन चालवणाऱ्याचा दांडा सॉफ्टवेअरच्या हाती आला आहे. आपल्या वाचकांना मात्र मागाच्या उदाहरणाने हे जास्त लवकर कळेल.

मालेगावच्या साध्या मागावर धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडे जातो. कारखानदाराला जास्त कापड हवे असले की मोटारीवरची पुली मोठी बसवायची, माग जोरात धावू लागतो. पहिले दोन दिवस सगळे खूश. मग ताण्याचे धागे जास्त तुटू लागतात, कारीगर जोडण्यातच गुंततो, कापडात दोष येतो आणि महिनाअखेरीस हिशेब केला की मीटर तेवढेच, वरून खराब माल. मात्र प्रत्येक मागाचे असेच होते असे नाही. एखादा माग चांगल्या बांधणीचा असतो, सूतही मजबूत असते आणि तो दहा-पंधरा टक्के जास्त वेग पचवतो. शेजारचाच, त्याच कारखान्यात बनलेला माग पचवत नाही. लॅपटॉपच्या पडद्याचे तंतोतंत असेच आहे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपनीचे पॅनेल असू शकते आणि एकाच कंपनीच्या दोन पॅनेलांचा दमही सारखा नसतो. म्हणून ‘‘या मॉडेलवर हमखास होते’’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

काम कसे केले जाते ते थोडक्यात. प्रत्येक पॅनेलवर एक चिमुकली मेमरी असते. त्यात ईडीआयडी नावाची माहितीपत्रिका भरलेली असते आणि तिचा पहिला भाग अवघा १२८ बाइटचा असतो. लॅपटॉप सुरू झाला की ग्राफिक्स चिप ही पत्रिका वाचते. पडदा कोणाचा, त्यावर आडवे-उभे ठिपके किती, वेग किती, हे तिला त्यातून कळते आणि त्याप्रमाणे ती चित्र पाठवते. सीआरयू नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत दुसरी पत्रिका लिहून ठेवते आणि विंडोजला सांगते की खरी पत्रिका सोडा, ही वाचा. पॅनेलवरच्या मूळ मेमरीला हात लागत नाही. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल यांच्या स्वतःच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येही स्वतःचे माप घालण्याची सोय अनेक ठिकाणी असते. मात्र बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत एनव्हिडियाचे कार्ड असूनही आतला पडदा जोडलेला असतो इंटेल किंवा एएमडीच्या अंगच्या चिपला. अशा वेळी एनव्हिडियाच्या खिडकीत तो पर्याय सापडतच नाही आणि मुले उगाच तासन् तास शोधत बसतात.

पत्रिका रजिस्ट्रीत लिहिलेली असते, ही गोष्ट विकत घेणाऱ्याने गाठीला बांधून ठेवण्यासारखी आहे. विंडोज पुसून नव्याने टाकले की वाढवलेले हर्ट्झ साफ उडून जातात. देवळाली गावातील माझ्या भाच्याच्या बाबतीत असेच झाले. त्याने एका दुकानातून ‘पंचाहत्तर हर्ट्झ’चा जुना लॅपटॉप चार पैसे जास्त मोजून घेतला. दोन महिन्यांनी व्हायरसमुळे विंडोज नव्याने टाकावे लागले. त्यानंतर पडद्याच्या सेटिंगमध्ये साठच दिसू लागले. तो तावातावाने माझ्याकडे आला, ‘‘मामू, विंडोज टाकणाऱ्याने माझा पडदा बदलला!’’ त्या बिचाऱ्याने काहीच बदलले नव्हते. पडदा पहिल्यापासून साठचाच होता. विकणाऱ्याने सांगितले नव्हते एवढेच.

आता वेग वाढवल्यावर अडते कुठे? पहिली अडचण तारेची. पूर्वी पॅनेलला एलव्हीडीएस नावाची जोडणी असे. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी ती हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले आणि तिच्या जागी ईडीपी आली. साध्या फुल एचडी पॅनेलला पुष्कळदा या ईडीपीचे दोनच पदर दिलेले असतात. नेहमीच्या वेगाला या दोन पदरांतून सेकंदाला सुमारे ४.३२ अब्ज बिट माल जाऊ शकतो. फुल एचडी चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला पूर्ण रंगासाठी २४ बिट लागतात. चित्राच्या कडेचा रिकामा वेळ धरून ६० हर्ट्झला ३.३२ अब्ज बिट होतात, ७५ हर्ट्झला ४.१९ अब्ज. ऐंशी करताच आकडा साडेचार अब्जाच्या आसपास जातो आणि गल्लीत हातगाड्या अडकतात. असे बरेच पडदे पंचाहत्तरच्या आसपास थांबतात त्याचे एक कारण हे. स्वस्तातल्या सहा बिटी पॅनेलला ठिपक्यामागे १८ बिटच लागतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तारेची अडचण उशिरा येते. पण त्यांच्या रंगाची कथा मुळातच वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरी अडचण खुद्द पॅनेलच्या आत आहे आणि कापडवाल्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. पडद्यावरचे चित्र वरून खाली एकेक ओळ करून भरले जाते. ६० हर्ट्झवर एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्या वेळात त्या ओळीतील प्रत्येक ठिपक्यात ठरलेला वीजभार भरावा लागतो, तेव्हा ठरलेली छटा उमटते. ७५ वर तोच वेळ १२ मायक्रोसेकंद होतो आणि १०० वर ९ पेक्षाही कमी. रंगाऱ्याने कापड कढईतून वेळेआधी उपसले तर रंग अंगात बसत नाही, पोपटी हवा असतो तिथे पिवळट येतो. येथेही तेच घडते. ठिपका पुरता भरत नाही आणि छटा सरकते. करड्या रंगात आडव्या रेघा दिसतात, गडद भाग धुरकट होतो, कधी बारीक लुकलुक सुरू होते. काही पॅनेलवर आधीच्या चित्राची सावली रेंगाळते अशीही तक्रार आहे. पहिल्या नजरेला हे जाणवत नाही. खेळणाऱ्या मुलाला तर मुळीच जाणवत नाही, कारण त्याचे लक्ष हलणाऱ्या वस्तूवर असते.

पण आपला व्यवहार रंगावर चालतो. सुरतेहून ड्रेस मटेरियलची डिझाइने आता व्हॉट्सअपवर येतात. व्यापारी ती लॅपटॉपवर मोठी करून पाहतो, गिऱ्हाइकाला दाखवतो आणि दोनशे-चारशे तुकड्यांची ऑर्डर देतो. माल उघडल्यावर राणी रंगाच्या जागी गाजरी निघाला तर भांडण पुरवठादाराशी होते. दोष पडद्याचा असेल हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. आधीच स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल रंगाला कंजूष असतात. त्यांच्या जाहिरातीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ असा की इंटरनेटवरची चित्रे ज्या रंगमर्यादेत बनतात, तिच्या साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग हा पडदा दाखवू शकतो. लाल आणि किरमिजी मार खातात. त्यातून पॅनेल सहा बिटी असले तर त्याच्या मूळ छटा २,६२,१४४ एवढ्याच. आठ बिटी पॅनेलच्या १,६७,७७,२१६. बाकीच्या छटा शेजारशेजारचे ठिपके आलटूनपालटून उजळवून भासवल्या जातात. अशा पडद्याला वरून वेगाचा चाबूक मारणे म्हणजे कच्च्या रंगाचे कापड दोनदा धुण्यासारखे आहे. माझे स्पष्ट मत असे की ज्या लॅपटॉपवर रंग पाहून खरेदी होते, त्याला वेगाच्या नादी लावूच नये. त्याच पैशात शंभर टक्के एसआरजीबी रंगाचे साठ हर्ट्झचे आयपीएस पॅनेल बसवून घ्यावे. पंधरा इंची साध्या पॅनेलची बदली आज काही हजार रुपयांत होते.

डोळ्यांच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. नव्वदच्या दशकात काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर होते तेव्हा साठ हर्ट्झवर खरोखर डोके दुखे, कारण पडद्यावरची प्रत्येक ओळ उजळून लगेच विझत असे. पंच्याहत्तर किंवा पंच्याऐंशी केले की आराम पडे. तो अनुभव जुन्या लोकांच्या लक्षात आहे. आजच्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा चालूच असतो आणि ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत आपली छटा धरून ठेवतो. त्यामुळे साठचे पंचाहत्तर केल्याने डोळ्यांना तसा आराम मिळत नाही. काही पडद्यांत उजेड कमी केला की मागचा दिवाच वेगाने उघडझाप करतो. डोळ्यांचा त्रास असेल तर तो तेथे शोधावा, हर्ट्झमध्ये नव्हे.

सेटिंगमध्ये पंचाहत्तर दिसले म्हणजे पडदा पंचाहत्तर चित्रे दाखवतोच असेही नाही. काही पॅनेल वेगवान चित्रे नुसती घेतात आणि त्यातली मधली चित्रे गाळून टाकतात. कारकुनाने हजेरीपटावर पंचाहत्तर सह्या घेतल्या आणि कारखान्यात माणसे साठच, असा प्रकार. हे पकडण्यासाठी टेस्टयूएफओ नावाची एक मोफत चाचणी आहे. तिच्यातील फ्रेम गाळण्याच्या तपासणीत पडद्यावर चौकटी एकामागून एक उजळत जातात. मोबाईल कॅमेऱ्याचे शटर हळू ठेवून, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे, फोटो काढावा. उजळलेल्या चौकटी सलग आल्या तर वेग खरा. मध्ये काळी खिंडारे पडली तर वेग कागदावरचा.

विकत घेणाऱ्यासाठी मात्र यापेक्षा सोपा रस्ता पॅनेलचा नंबर पाहण्याचा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. पडदा उघडला तर मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. एयूओचे बी१५६, इनोलक्सचे एन१५६, बीओईचे एनव्ही१५६, एलजीचे एलपी१५६ अशी सुरुवात असते. १५६ म्हणजे १५.६ इंच. पुढची अक्षरे धरून पूर्ण नंबर शोधला की कारखान्याने दिलेला वेग, रंगाचे प्रमाण आणि बिट सगळे कळते. दुकानदार हा नंबर पाहू देत नसेल तर किंमत साठ हर्ट्झचीच द्यावी.

विकणाऱ्या बांधवांना एवढेच सांगणे की ऐब सांगून माल विकण्याचा दस्तूर कापड बाजारात जुना आहे. थानात डाग असेल तर चिंधी बांधून दाखवतात आणि भाव त्याप्रमाणे लावतात. तसेच येथे बिलावर लिहावे, ‘मूळ पॅनेल ६० हर्ट्झ, सॉफ्टवेअरने ७५’. हौशी गिऱ्हाईक ते वाचूनही घेईल. न लिहिता विकले तर प्रकरण नुसते तोंडाचे राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा किंवा प्रत खोटी सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाऊ शकते.

ज्यांना खरोखरच वेग हवा आहे, त्यांच्यासाठी ओढूनताणून काम करण्याची गरज आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१२ च्या सुमारास कोरियातून येणाऱ्या यामाकासी कॅटलीप नावाच्या २७ इंची मॉनिटरची एक तऱ्हा साठवरून थेट १२० पर्यंत पळते, असा बोलबाला झाला होता. तेव्हा मोठ्या चित्राचे वेगवान मॉनिटर दुर्मीळ होते, म्हणून त्या खटाटोपाला अर्थ होता. लॅपटॉपात १२० हर्ट्झचे पडदे २०१० च्या आगेमागे त्रिमिती चष्म्यासाठी आले आणि २०१७ नंतर १२० व १४४ हर्ट्झचे गेमिंग लॅपटॉप सर्रास मिळू लागले. जुन्या लॅपटॉपात १४४ चे पॅनेल बसवायचे असेल तर आधी तार पाहावी. साठ हर्ट्झच्या पॅनेलला बहुधा ३० पिनांची जोडणी असते, वेगवान पॅनेलला ४० पिनांची. तार बदलून मिळते, पण मदरबोर्डवरून चार पदर येतच नसतील तर नवे पॅनेल आणून उपयोग नाही. पॅनेल मागवण्यापूर्वी कारीगराने हे तपासले नाही तर ते त्याच्याच गळ्यात पडते.

उलटी दिशाही ध्यानात ठेवावी. वेग वाढवला की वीज जास्त लागते, कमी केला की बॅटरी थोडी जास्त पुरते. अनेक लॅपटॉपांत ४८ किंवा ४० हर्ट्झचा पर्याय कारखान्यातूनच दिलेला असतो. जत्रेत, प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या आणि दिवसभर बॅटरीवर बिले करणाऱ्या व्यापाऱ्याला पंचाहत्तरपेक्षा हा अठ्ठेचाळीसचा आकडा कामाचा. शिवाय सिनेमा २४ चित्रांचा असल्यामुळे तो ४८ वर बरोबर दुप्पट बसतो. साठवर एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवावे लागते, म्हणून कॅमेरा सावकाश फिरताना दृश्य किंचित अडखळते.

एवढे सांगूनही ज्याला प्रयोग करायचाच आहे, त्याने वॉरंटीतल्या मशीनवर करू नये आणि दुकानाचा हिशेब ज्यावर आहे त्यावर तर नाहीच. आधी डेटाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. एकदम उडी न मारता पाच-पाच हर्ट्झने चढावे आणि प्रत्येक पायरीवर करड्या रंगाचे पूर्ण पडदाभर चित्र लावून रेघा दिसतात का ते पाहावे. पडदा काळा झाला तर घाबरून उघडू नये, बहुतेक वेळा पॅनेल जळालेले नसते, त्याने चित्र नाकारलेले असते. पंधरा सेकंद थांबावे, विंडोज बहुधा आपोआप मागे येते. नाही आले तर एचडीएमआय तारेने टीव्ही जोडून सेटिंग परत साठ करावे. तेही न जमल्यास सेफ मोडमध्ये मशीन सुरू करून सीआरयूसोबत येणारी ‘रीसेट-ऑल’ फाईल चालवावी आणि मशीन पुन्हा सुरू करावे. ही फाईल प्रयोगाआधीच डेस्कटॉपवर काढून ठेवावी, काळ्या पडद्यावर ती शोधता येत नाही.